कोपऱ्यातले तांदूळ

नाताळच्या जेवणाला टेबलावर अंथरायला मला गोधडीसारखी शिवलेली, भरतकामाची लांब पट्टी हवी होती. मुर्री गावात एक मावशी गोधड्या शिवतात, असं शेजारणीनं सांगितलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पट्टी आणायला गेले तेव्हा त्या अंगणात बसून शेवटची कड शिवत होत्या. कापडाचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं. लाल कापडावर मी काढून दिलेल्या चांदण्या त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं भरल्या होत्या.

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ घालतात. पांघरणारा कधी उपाशी राहू नये म्हणून. मावशी मात्र कोपरा तसाच शिवायला लागल्या.

"मावशी, तांदूळ राहिले."

"टेबलाले कायले? त्याले का भूक लागते?"

"आम्ही जेवणार ना त्यावर. घाला की."

सुई थांबली. वर न बघताच त्या म्हणाल्या, "पोरगा हैदराबादले कामाले गेला, तवा त्याच्या गोधडीत मूठभर घातले होते मी. गोधडी तेवढी वापस आली."

मग त्यांनी कोपरा तसाच शिवून दातानं दोरा तोडला आणि पट्टीची घडी माझ्या हातात दिली. "सोड्यात नका टाकू. लाल रंग सुटते."

नाताळच्या दिवशी जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटले. भाऊ समोरच्या अन्नासाठी देवाचे आभार मानत होता. माझी बोटं पट्टीच्या त्या कोपऱ्यात चाचपडत राहिली. आमेन म्हणायला मला उशीर झाला.