बिनहाराचा फोटो

शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत आमच्या भागात मोठा फोटो फ्रेम करून आणायचा म्हणजे घरातलं कोणीतरी गेलेलं असायचं. ढाणकीच्या फोटो स्टुडिओत मी मालक चाचांच्या हाताखाली कॉम्प्युटर शिकत होते. काम एकच. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो मोठा करायचा, मागे निळा पडदा टाकायचा आणि जन्मात न घातलेला कोट त्याच्या अंगावर चढवायचा. त्या कोटांचा मला संताप यायला लागला होता.

आईचा एक फोटो माझ्याजवळ होता. भाव नव्हता म्हणून कापूस घरातच, समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला. वेचणीहून आलेली आई डोक्याचं फडकंही न सोडता त्या ढिगाला टेकली आणि मी स्टुडिओतून मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. तिला फोटोचं वावडं. "मी अशी काळी, कायले रीळ नासवून राह्यली?"

स्टुडिओत एक कॅलेंडर होतं. त्यावर जुन्या परदेशी चित्रातली बाई: डोक्याला कापड, मागे काळोख, एका बाजूनं उजेड. आईला तसं करून पाहावं म्हणून मी तिचा फोटो स्कॅन केला. फोटोत आलेली प्लास्टिकची बादली पुसली, भिंत काळोखात बुडवली, उजेडात थोडं पिवळं घातलं. पुढे काही करावंच लागलं नाही. कापसाचा उजेड तिच्या हनुवटीवर, गालावर आधीपासूनच पडलेला होता. मलाच तो दिसला नव्हता. माउस हातात तसाच राहिला. हीच बाई मला रोज भाकर वाढते?

चाचा मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "बेटा, लय दिवसानं इथं जिंदा माणसाचा फोटो बनून राह्यला."

एसटीत कागदात गुंडाळलेली फ्रेम मांडीवर घेतली, तर शेजारची बाई कळवळली, "कोन गेलं, बाई?"

"कोनी नाही. माय आहे माही. चांगली ठणठणीत आहे."

तिचा विश्वास बसेना. शेवटी कागद फाडून दाखवला. मागचे लोक उठून पाहायला लागले, कंडक्टरही तिकिटं फाडायचं विसरला. मग ती बाई म्हणाली, "किती सुंदर आहे व तुही माय!" मला रडूच आलं.

आई मात्र फ्रेम पाहून मागे सरली. "जित्या माणसाले भितीवर कायले टांगतं?"

"हार नाही घालत ना."

ती जवळ आली. काचेवरून स्वतःच्या गालाला बोट लावलं. "हे मी आहो?" बराच वेळ तिथून हललीच नाही. मग म्हणाली, "लाव. पन हार घालू नोको. मी मेल्यावरबी नोको."

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो त्याच भिंतीवर आहे. नवखे पाहुणे आधी विचारतात, हे चित्र कुठून विकत आणलं? आई आहे म्हटल्यावर थक्क होऊन पाहत राहतात. हार दिसत नाही, म्हणून मग सहज विचारतात, "कुठं असतात आता? गावीच?"

मी "हो" म्हणते.