खाडीच्या पाण्यातली मोटरसायकल

माझ्या वडिलांना, आबांना, एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागायचं. नवागामहून सरकारी दवाखान्यात आम्ही शेअर रिक्षाने जायचो. जाताना ते ठीक असायचे, येताना मळमळायचं. एकदा त्यांना रिक्षातच उलटी झाली आणि चालकाने आम्हाला उधन्याच्या पुलाखाली उतरवून दिलं. बाकीचे प्रवासी दुसरीकडे बघत राहिले. आबा फुटपाथवर टेकले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "एखादी गाडी देख. जुनी बी चाली."

उभी हयात कापडाच्या खात्यात, लूमच्या खडखडाटात गेल्याने त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून बोलायचेही ओरडून. रस्त्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरून गेलं होतं. आमच्या खोलीतही खाट बुडाली होती. पाणी ओसरल्यावर जिकडेतिकडे मोटरसायकली विकायला निघाल्या. धुतलेल्या, पुसलेल्या, नवं सीट कव्हर घातलेल्या. विकणारा आईची शपथ घेऊन सांगायचा, हिला थेंब लागला नाही. आणि हेडलाइटच्या काचेत, आतून, चिखलाची आडवी रेघ दिसायची.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याने डिंडोलीकडची एक गाडी सांगितली. आबा म्हणाले, मीही येतो. आम्ही तिघे गेलो. खाडीला लागून बिल्डिंग होती, तिची मागची भिंत पडलेली. एक बाई किल्ली घेऊन खाली आली. तिशीचीही नसेल. आमच्याच धुळ्याकडची निघाली.

"पाणी हिच्या टाकीच्या वर होतं," तिनेच आधी सांगून टाकलं. "खोटं बोलून कशाला विकू?"

गाडी जवळजवळ नवी होती. गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण काढून मला दाखवलं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "इंजिन खोलावं लागेल. चालेल, पण भरवसा धरू नका," तो म्हणाला.

आबा पायरीवर बसून होते. त्यांनी विचारलं, "तुना मालक कोठे शे बेटा? त्याले इचारं का?"

ती जवळ येऊन, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलली. "आबा, ते हिच्यासाठीच खाली गेले होते. पाणी गुडघ्याएवढंच होतं. मी वरून म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, रॅम्पवर लावून येतो. तेवढ्यात भिंत पडली आणि खाडी आत शिरली." तिने त्या भिंतीकडे नुसता हात केला. "पाणी उतरल्यावर बघितलं तर गाडी स्टँडवर उभी होती. ते दुसऱ्या दिवशी सापडले."

हे सगळं तिला ओरडून सांगावं लागलं. वरच्या गॅलरीतली माणसं ऐकत होती.

मी गॅरेजवाल्याला निघायची खूण केली. तिला म्हणालो, "विचार करून सांगतो ताई."

"सगळे तेच सांगतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "परत फक्त भंगारवाला येतो."

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, घ्यायची नाही. आजारी माणसाला तसल्या गाडीवर बसवायचं? आबांना तसं सांगितलं तर ते भडकले. "आपलं घर बी बुडनं व्हतं ना? मंग घर सोडी दिधं का आपन? त्याच खाटवर मी निजस." धाप लागली म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "ती पोरनी खरं सांगं. लई ले."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घ्यायला गेलो. किल्ली देताना तिने विचारलं, मागे कोण बसणार. मी सांगितलं. "मग हळू न्या," म्हणाली आणि गाडी फाटकाबाहेर निघायच्या आतच वर गेली.

इंजिन खोलून, धुऊन गाडी सुरू झाली. पण तापली की कुठून तरी खाडीच्या गाळाचा वास यायचा. तो शेवटपर्यंत गेला नाही. आबांना परतताना गुंगी यायची, म्हणून आईची एक जुनी साडी त्यांच्या आणि माझ्या कमरेभोवती बांधायचो. त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं असायचं. त्यांचं वजन महिन्यामहिन्याला कमी होतंय हे मला त्या साडीच्या गाठीवरून कळायचं.

हिवाळाभर गाडी अशी चालली. मग एका सकाळी, जाताना, ती पुलाच्या चढावर बंद पडली. किक मारून पाय सुजला. आबांना तसंच सीटवर बसवून मी ढकलत नेली. पोहोचलो तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसरा पेशंट झोपवला होता. नर्स म्हणाली, थांबा. आम्ही संध्याकाळपर्यंत बाकावर थांबलो. आबांनी गाडीला दोष दिला नाही, मलाही नाही. नुसते म्हणाले, "थकनी व्हई."

गाडी दुरुस्त झाली. पण पुढच्या खेपेला आबांचे पाय इतके सुजले होते की त्यांना सीटवर पाय टाकता येईना. ॲम्ब्युलन्स बोलावली. आई आत त्यांच्याजवळ बसली. परत येताना लागेल म्हणून मी मोटरसायकल घेऊन मागे निघालो. पाठ मोकळी, गार लागत होती. ॲम्ब्युलन्सच्या आणि माझ्यामध्ये आधी एक टेम्पो आला, मग कापडाचे गठ्ठे भरलेला ट्रक, आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

मी पार्किंगमध्ये गाडी लावत होतो तेव्हा आईचा फोन आला. पलीकडे नर्स कुणाला तरी सांगत होती, यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला द्या, आता यांना नको. फोन नुसता चालू होता.