कुंभारणीचं घर

किडे बघत फिरणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. कारण सोपं आहे, घरी ते कोणी ऐकून घेत नाही! दिनेश, मानसी आणि मी, आम्ही तिघं दर रविवारी सकाळी लोअर परळच्या एका बंद मिलच्या आवारात जायचो. तिथल्या माजलेल्या रानात एकमेकांना खाणारे किडे बघायचे, हा आमचा छंद. मन रमायचं, पण परत येताना जरा उदासच वाटायचं.

*

पहिल्याच दिवशी वॉचमनने अडवलं. "क्या ढूंढ रहे हो?"

"शिकारी," मानसी म्हणाली.

त्याने थेट सुपरवायझरला फोन लावला! मग दिनेशने त्याला दरोडेखोर माशी दाखवली. तिने उडती मधमाशी हवेतच धरली आणि पानावर बसून शोषून घेतली.

"मरनेवाली चिल्लाती भी नहीं," वॉचमन म्हणाला. त्यानंतर त्याने आम्हाला कधी अडवलं नाही.

*

एकदा प्रार्थना कीटकांची जोडी सापडली. मीलन चालू असतानाच मादीने नराचं डोकं खायला घेतलं.

"सरूला दाखवू नका रे," दिनेश म्हणाला, "आयडिया मिळेल!"

सरू म्हणजे त्याची बायको, सरिता. आम्ही खूप हसलो. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "याला निदान पोरं तरी होतील."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सगळे डॉक्टर पालथे घालून झाले होते.

*

दिनेश-सरिताच्या लालबागच्या चाळीतल्या खोलीत, खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. दिनेशची आई खूश! "हात लावू नको. कुंभारीण इली म्हणजे पाळणो हलतलो."

आत डंख मारून लुळ्या केलेल्या जिवंत अळ्या असतात आणि कुंभारणीचं पिल्लू त्या खाऊन वाढतं. आम्हाला तासभर लेक्चर देणारा दिनेश घरी मात्र गप्प बसला.

त्याच आठवड्यात सरिताचा रिपोर्ट आला. दिवस गेले होते! कुंभारीणही घराला नवनव्या खोल्या जोडत राहिली. मग काय, गणपतीआधी रंगारी आला, तर आईने त्याला त्या मातीला वळसा घालून ब्रश फिरवायला लावला.

*

दिवस टिकले नाहीत. सरिताला हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा मानसी आणि मी तिथेच होतो. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. आई उठली, उलथनं घेतलं आणि मातीचं घर फोडलं.

आत लुळ्या हिरव्या अळ्या अजून जेमतेम हलत होत्या. आई बघत राहिली.

"ह्यातला पोर खंयचा? माका दाखय."

दिनेशने एका अळीला चिकटलेलं पांढरं पिल्लू दाखवलं. ते खात होतं.

आई गॅलरीत गेली, तुळशीच्या कुंडीतली ओली माती घेऊन आली आणि बोटांनी घराला पडलेलं भोक बुजवून टाकलं.