अण्णांच्या काचेवरचा डाग

माझे सासरे, अण्णा, पाहुण्याचं तोंड नंतर बघत, आधी त्याच्या गाडीची काच बघत. मंजिरीला पाहायला मी ग्वाल्हेरहून झाशीला आलो तो काकाची गाडी मागून. छावणीच्या कडेला त्यांचं घर. अण्णा फाटकापाशी आले, मी नमस्काराला वाकलो, तर ते स्वतःच बॉनेटवर वाकलेले! पुढच्या काचेवर वाळलेला एक भुनगा त्यांनी नखाने खरवडला आणि म्हणाले, "हा कालचा आहे. म्हणजे काल संध्याकाळी तुम्ही काच पुसली नाहीत." पत्रिका उत्तम जुळली होती, तरी लग्न फाटकातच मोडतंय की काय अशी मला धास्ती वाटली.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास बारीक हिरवे किडे थव्यांनी दिव्यांवर येतात. त्यांना सगळी झाशी भुनगे म्हणते, आणि घरात मराठी बोलणारे आम्हीही भुनगेच म्हणतो. हमरस्त्याला गाडी लागली की ते काचेवर आपटतात, फुटतात आणि वाळले की चिकटून बसतात. माझ्यासारखा शहाणा मग वायपर फिरवतो आणि सगळ्या काचेवर हिरवट खळ पसरून घेतो. अण्णांचं शास्त्र वेगळं होतं. रिठ्याच्या पाण्यात जुनं धोतर बुडवून ते काचेवर पांघरायचं, आत जाऊन निवांत चहा घ्यायचा आणि मग वरून खाली अलगद पुसायचं. "सुक्याशी भांडू नये, जावईबापू. आधी भिजवावं." हे ते काचेबद्दल म्हणत, तसंच माझ्या सासूबाईंच्या रागाबद्दलही म्हणत. आणि मी गाडी जोरात हाकली की म्हणत, "भुनगा तुमच्यावर येत नाही हो, तुम्ही त्याच्यावर जाता. जरा धीरे!"

एवढं सगळं कशासाठी, तर भाऊबीजेसाठी. अण्णांची मोठी बहीण, आक्का, कानपूरच्या वाटेवरच्या चिरगावला एकटी राहायची. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. दर भाऊबीजेला अण्णा स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जात. सासूबाई गेल्या त्या वर्षीही गेले. "सणाला तिच्या दारात कोण येतं? एक मी," असं म्हणत. इकडे वय वाढलं तशी मंजिरी त्यांच्या किल्लीवर टपलेली. "अण्णा, आता पुरे झालं ड्रायव्हिंग," असं तिने म्हटलं की अण्णांना नेमकं कमी ऐकू यायचं.

मी विम्याचा सर्व्हेअर, लग्नानंतर झाशीतच स्थिरावलेला. लोकांच्या फुटलेल्या काचांवर अहवाल लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे काचेतलं मला कळतं असा माझा समज होता. एका नरकचतुर्दशीला अभ्यंग झाल्यावर वाटीत सुगंधी तेल उरलं. डोक्यात आलं, माणसाच्या तेलकट अंगावर पाणी ठरत नाही, तर काचेवर किडा काय ठरणार? अण्णा देवपूजेत आहेत असं बघून मी त्यांच्या गाडीच्या काचेला ते तेल चोळलं. चांगलं रगडून चोळलं. मंजिरीने पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

भाऊबीजेला मी अण्णांच्या शेजारी होतो. दुपारी जाताना ऊन पाठीशी होतं म्हणून काही कळलं नाही. आक्काच्या आग्रहाने परतायला उशीर झाला, मावळता सूर्य समोर आला आणि काच अशी चकाकली की पुढचा ट्रकच दिसेना. वर भुनगे! घसरायचे राहिले बाजूला, तेलात माखून छान चिकटून बसले. अण्णांनी खिडकीबाहेर मान काढून गाडी कशीबशी चहाच्या टपरीपर्यंत आणली. टपरीवाल्याने काचेवर बोट फिरवून वास घेतला आणि मला विचारलं, "का भैया, पकौड़े तलने हैं का?" अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "जावईबापूंनी गाडीला अभ्यंग घातलंय. उटणं तेवढं राहिलं." मला तिथेच जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. अण्णा स्टिअरिंगमागे बसले आणि म्हणाले, "इथे मधोमध डाग राहिलाय." मला काही दिसेना, पण तेल माझं, पाप माझं. मी घासलं. पुढच्या रविवारी पुन्हा, "आहे हो अजून." मग काय, लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली, बड़ा बाज़ारातून आणलेला फवारा झाला. एकदा भांड्यांची घासणी लावली आणि नव्हते ते ओरखडे उमटले. दर रविवारी जावई सासऱ्याची काच घासतोय, हे बघायला शेजारी गॅलरीत येऊन उभे राहू लागले. त्यांच्या बायकांनी माझं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना दिलं, त्यामुळे त्या गल्लीत माझं कुणाशी फारसं जमलं नाही.

वर्ष सरलं, दिवाळी पुन्हा तोंडावर आली, तेव्हा मी हट्टाला पेटून काचच बदलून आणली. कोरी काच! अण्णांना बसवलं. त्यांनी समोर पाहिलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि हळूच म्हणाले, "तिथेच आहे."

आणि माझी अक्कल बघा, मी खिशातून फडकं काढून ती कोरी काच पुसायला लागलो!

अण्णांनी खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं. "पुरे, जावईबापू. डाग गाडीचा नाही, माझ्या डोळ्यातला आहे. पडदा मधोमध गेलाय. डॉक्टरने वर्षापूर्वीच सांगितलं, ऑपरेशनने नजर परत येण्यासारखी नाही."

"मग मला वर्षभर घासायला का लावलंत?"

"डाग काचेवर आहे असं तुम्ही धरून चालला होतात, तोवर मंजिरी किल्ली मागत नव्हती." मग घाईघाईने म्हणाले, "छावणीच्या बाहेर गाडी काढली नाही हो, तुमची शपथ. वाटलं होतं, एवढी एक भाऊबीज पदरात पडेल."

मला हसू आलं, आणि हातातलं फडकं मी गुपचूप खिशात कोंबलं. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आत जाऊन पडून राहिले.

भाऊबीजेच्या दिवशी "मी नाही येत, मला कुणी पोचवायला नको," एवढंच अण्णांचं सकाळपासून चाललं होतं. मंजिरीने विनवलं, आक्काचा फोन आला, तरी हलेनात. दिवस कलला तेव्हा अचानक कोट घालून बाहेर आले आणि गाडीत डाव्या बाजूला बसले. त्या बाजूला बसलेले अण्णा मी कधीच पाहिले नव्हते.

कानपूरच्या रस्त्याला लागलो तोवर संधिप्रकाश झाला होता, आणि काचेवर टपटप भुनगे आपटू लागले. आवाजावरूनच अण्णांना कळलं. म्हणाले, "बाजूला घ्या." खाली उतरले, बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं आणि दोन्ही तळवे काचेवर टेकून बोटांनी चाचपत एकेक भुनगा हुडकून काढू लागले. मी फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. बराच वेळ लागला. मागून ट्रक हॉर्न देत जात होते. शेवटी रुमालाने काच कोरडी केली, चाचपडत दार शोधलं आणि आत येऊन बसले.

अण्णांची ती शेवटची भाऊबीज. पुढच्या दिवाळीआधीच ते गेले.

त्या संध्याकाळी मी गाडी पुन्हा सुरू केली तसं त्यांनी विचारलं, "दिसतंय ना आता सगळं?"

म्हटलं, "दिसतंय, अण्णा. अगदी लख्ख."

"मग सांगत चला."

आणि थेट आक्काच्या दारापर्यंत मी सांगत गेलो. पेरलेली शेतं, वीजघराच्या चिमण्या, समोरून येणारी बैलगाडी, आरशात दिसणारी बीजेची कोर, आणि शेवटी फाटकाशी निरांजन घेऊन उभी असलेली आक्का.