मधले बरे दिवस

"बऱ्या असता तेव्हा दिवसभर काय करता?" डॉक्टर कुर्लेकरांनी विचारलं.

दमयंती त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं झाली, वैद्य झाले, डॉक्टर झाले, अंगारे-धुपारे झाले. बडबड करते का, कपडे फाडते का, कुणाच्या अंगावर धावून जाते का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. बरी असताना काय करते, हे विचारणारा हा पहिलाच. शेजारी तिचे वडील नृसिंहराव बसले होते, नगरच्याच शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. ते उत्तर द्यायला पुढे सरसावले, तर डॉक्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"मुलींना शिवण शिकवते," दमयंती म्हणाली. "स्वयंपाक करते. अण्णांना मोतीबिंदू आहे, त्यांना पेपर वाचून दाखवते."

"असे बरे दिवस सलग किती असतात?"

"आठ महिने. कधी वर्षाच्याही वर."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. पुण्याहून दर गुरुवारी नगरला येणारा हा तरुण माणूस, बाहेर बाकावर दहा जण खोळंबले होते, तरी म्हणाला, "अगदी पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून म्हणजे सदुसष्टच्या मार्चपासून. तिचे यजमान शरच्चंद्र श्रीरामपूरला पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला, उपेंद्र. दहाव्या दिवसापासून दमयंतीची झोप उडाली आणि गंमत म्हणजे थकवाही येईना. बाळाला मांडीवर घेऊन ती अखंड बोलायची, गायची, माजघरातली भांडी काढून पुन्हा पुन्हा घासायची. सासूबाई म्हणाल्या, बाळंतवात. शेकशेगडी आणि काढे झाले, तीन महिन्यांत उतरलं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि तिला अंथरुणातून उठवेना. बाळ शेजारी रडायचं आणि ते रडणं तिला शेजारच्या घरातून यावं तसं ऐकू यायचं. हात पुढे करायचा एवढंच काम, पण तो हात काही हलायचा नाही. तेव्हा घरात तिला आळशी म्हणत. एकोणसत्तरच्या चैत्रात ती पुन्हा पळायला लागली, ना झोप ना थारा. लग्नातले शालू भाजीवाल्या बायकांना वाटून टाकले आणि भर चौकात उभी राहून सांगितलं, की अंबाबाई माझ्याशी बोलते. तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी देवीचा आवाज तेवढा ऐकला आणि कागदावर लिहिलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी तिची जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळायला लागली. महिन्यानं शरच्चंद्रांनी तिला नगरला वडिलांकडे आणून सोडलं. उपेंद्र श्रीरामपुरातच राहिला.

"देवी बोलायची ती नेमकी कधी?" डॉक्टरांनी विचारलं. "बऱ्या असताना?"

"नाही."

"अंथरुणाला खिळलेल्या असताना?"

"तेव्हा तर कुणीच बोलायचं नाही. फक्त त्या पळत्या दिवसांत."

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, नाडी बघितली, हात पुढे धरायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं. गळ्यातल्या ग्रंथीमुळेही माणूस असा पळतो, म्हणून रक्त तपासायला पाठवलं. तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी त्यांनी समोर एक कागद धरला. त्यावर सहा वर्षांची रेघ होती. कुठे डोंगरासारखी वर गेलेली, कुठे खाली बुडालेली, आणि मधे लांबच लांब सपाट.

"हा स्किझोफ्रेनिया नाही," ते म्हणाले. "उन्माद आणि खिन्नता, एकाच आजाराची ही दोन टोकं. मॅनिक डिप्रेसिव्ह म्हणतात. स्किझोफ्रेनियात माणूस सहसा असा लख्ख होऊन परत येत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी परत आलात. लिथियम म्हणून नवं औषध आहे, त्यावर पुष्कळ जण सावरतात."

नृसिंहरावांनी हात जोडले. दमयंती मात्र त्या सपाट रेघेवर बोट ठेवून बसली होती.

"मग कोर्टात जे लिहिलंय त्याचं काय?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. तिनंच सांगितलं. सत्तर साली शरच्चंद्रांनी घटस्फोटाचा दावा लावला. कायद्याला तीन वर्षं सतत चाललेलं आणि बरं न होणारं वेड हवं होतं. पुण्याचा कागद होताच. तारीख लागली तेव्हा ती खाली बुडालेली होती. शरच्चंद्रांच्या वकिलानं मुलाची जन्मतारीख विचारली, ती तोंडाशी आली आणि बाहेर पडली नाही. एकाहत्तरमध्ये निकाल लागला. पुढच्या वर्षी शरच्चंद्रांनी दुसरं लग्न केलं.

"सतत नव्हतंच ना हे?" ती म्हणाली. "तुमच्या कागदावर दिसतंय."

"नव्हतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

त्यांनी पत्र लिहून दिलं. नगरमधल्या एका वकिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. अपिलाची मुदत कधीच गेली, शरच्चंद्रांचं दुसरं लग्न कायदेशीर आहे, आता हे पत्र घेऊन दार कुठलं ठोठावणार? नृसिंहराव म्हणाले, "कोर्ट राहू दे. आपण श्रीरामपूरला जाऊ. माणूस आहे तो, वाचेल."

शरच्चंद्रांनी खरंच वाचलं. दोनदा वाचलं. त्यांची नवी बायको विजया पाण्याचे पेले ठेवून बाजूला बसली. बिचारीनं दमयंतीला आल्याआल्या वाकून नमस्कारही केला होता.

"म्हणजे तू वेडी नव्हतीस, असं आहे का यात?" त्यांनी विचारलं.

"आजारी होते, असं आहे. अधूनमधून. मधे बरी असायचे."

"मधे." त्यांनी पत्राची घडी घातली. "त्या मधल्या दिवसांत मी पुढच्या वाईट दिवसांची वाट बघत असायचो, दमयंती. मला नाही जमलं ते."

त्यांचा आवाज कडू असता तर तिला भांडता आलं असतं.

तेवढ्यात उपेंद्र शाळेतून आला. समोरचा एक दात पडलेला, हातात पाटी. विजयाच्या पदराआडून तो पाहुण्यांकडे बघायला लागला. "नगरच्या मावशी आहेत, नमस्कार कर," शरच्चंद्र म्हणाले. पोरानं पायाला हात लावला. दमयंतीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, या वेळी हात हलला, आणि विचारलं, "कितीपर्यंत पाढे येतात रे?" तो म्हणाला, "बारा," आणि आत पळाला. आतून त्याची हाक ऐकू आली, "आई, भूक लागली." दोघी एकदमच उठायला गेल्या. मग दमयंती खाली बसली.

लिथियम लागू पडलं. दर महिन्याला रक्त पुण्याला जायचं, अहवाल ठीक यायचा. ना डोंगर, ना दरी. वर्षभरात नगरात सावेडीच्या तिच्या शिवणवर्गात मुली वाढल्या. नृसिंहराव येईल त्याला सांगायचे, आमची दमयंती बरी झाली. ती मात्र वर्गात जरा मोठ्यानं हसली की गप्प व्हायची आणि मनात मोजायची, हे हसू किती वेळचं?

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात उपेंद्रची मुंज झाली. नगरला पत्रिका आली नाही. एका नातेवाइकाकडून कळलं. मुंजीच्या सकाळी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो, आई त्याला घास भरवते. ते मातृभोजन विजयानं केलं. दमयंतीनं त्या दिवशी अकरा मुलींना बाही बसवायला शिकवली आणि घरी येऊन अंथरुणावर पडली. चार दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. घाबरलेले नृसिंहराव गुरुवारी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

"डॉक्टर, पुन्हा खाली गेली हो ही. गोळी वाढवा."

डॉक्टरांनी बराच वेळ तिच्याशी बोलून घेतलं. काय झालं, कधी झालं, मनात काय येतं. ती सगळं नीट, क्रमानं सांगत होती आणि रडत होती.

"गोळी आहे तेवढीच राहू दे, पण येत्या गुरुवारी परत या," शेवटी ते नृसिंहरावांना म्हणाले. "आजच्या घडीला मला हा आजार दिसत नाही. हे दुःख आहे."

"मग त्याला काय द्यायचं?"

दमयंतीनं पदरानं तोंड पुसलं, वडिलांची काठी त्यांच्या हातात दिली आणि त्यांना धरून बाहेरच्या उन्हात आणलं. रस्ता ओलांडताना ते अडखळले, तेव्हा ती म्हणाली, "सावकाश, अण्णा. मी बघते आहे."