न केलेल्या चुकीची माफी

नव्वदच्या दशकात मी तोक्योतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. आम्ही नवरा-बायको शहराच्या पूर्वेकडच्या एका जुन्या गल्लीत राहायचो. त्या गल्लीत मी एक लबाडी केली. तिचं ओझं अजून उतरलेलं नाही, आणि तरीही जपानमधला माझा सर्वांत आनंदाचा दिवस तिच्यातूनच आला. म्हणून दोन्ही एकत्रच सांगावं लागतं.

गल्लीच्या मंडळाच्या सूचना एका फळीला लावून घरोघर फिरत. वाचायच्या, आपल्या रकान्यात तारीख घालून शिक्का मारायचा आणि फळी शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. एका दिवसापेक्षा जास्त कुणी ती ठेवून घेत नसे. आमच्यानंतरचं घर साठीच्या एका बाईंचं. बायको त्यांना काकू म्हणायची, मग मीही.

काकू तरुणपणी शहरातल्या बसवर कंडक्टर होत्या. गाडी सोडायची झाली की दारातून ‘ओराई!’ अशी हाक द्यायच्या. ‘ऑल राइट’चं ते जपानी रूप. एकोणीसशे साठच्या जूनमध्ये अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराविरुद्ध संसदेभोवती माणसांचा पूर लोटला होता. एका संध्याकाळी त्यांची बस त्या गर्दीत अडकली. पोलिसांच्या माराने डोकी फुटलेली कॉलेजची मुलंमुली पळत येत होती. काकूंनी दार उघडलं, तिकीट न विचारता सगळ्यांना आत घेतलं आणि ‘ओराई!’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी त्यांच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. पुढे ऑलिम्पिक आलं, गल्लीमागचा कालवा बुजवून त्यावर रस्ता झाला. मग कंडक्टरविना धावणाऱ्या बस आल्या आणि काकूंची नोकरीही गेली. हे सगळं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, सकाळी कचऱ्याच्या पिशव्या ठेवायला गेल्यावर, थोडं थोडं. स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

एका शरद ऋतूत फळीवर सूचना आली. साठच्या दशकातलं तोक्यो आठवायला मंडळ एक कार्यक्रम करणार होतं. बोलायचं असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत नाव द्यावं. फळी आली तेव्हा माझा एक शोधनिबंध अडला होता आणि बायको मैत्रिणीच्या बाळंतपणासाठी योकोहामाला गेली होती. न वाचताच मी फळी फ्रिजवर टाकली. अकरा दिवसांनी ती हाती लागली तेव्हा मुदत संपली होती. मला लाज वाटली. त्या लाजेपोटी मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी रकान्यात अकरा दिवसांपूर्वीची तारीख घातली, शिक्का मारला आणि कुणी पाहत नाही असं बघून फळी काकूंच्या दारात ठेवून आलो.

म्हणजे कागदोपत्री फळी अकरा दिवस काकूंनी अडवली होती.

बायको परतली आणि दोनच दिवसांनी बाजारातून तणतणत आली.

“अहो, काकू मंडळाच्या अध्यक्षांपुढे कमरेत वाकून माफी मागत होत्या. फळी उशिरा पुढे गेली म्हणून! काकू तर ती एक दिवसही ठेवून घेत नाहीत. आपल्याकडेच अडली होती ना?”

मी फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“त्यांना बोलायचं होतं हो तिथं. पस्तीस वर्षं गिळून बसल्यात.”

मी तसाच काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या खिडकीतून दिसायची, फ्रिजवर. म्हटलं, आज देतील, उद्या देतील.”

“मग माफी का मागितलीत?”

“तुम्ही परके. गल्लीत तोंड दाखवायला लाजला असतात. मला काय, सवय आहे.”

ते शेवटचे दोन शब्द माझ्या फार जिव्हारी लागले. तिथून मी अध्यक्षांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि काकूंना कार्यक्रमात बोलू द्या म्हणालो. ते गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर चालवायचे. ऐकून घेत त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. तिथे याचा अर्थ, काम कठीण आहे.

“कार्यक्रमाच्या पत्रिका छापून झाल्यात,” ते म्हणाले. मग हसले. “मागची तारीख घालणं? ते आम्ही सगळेच करतो. आता तुम्ही खरे या गल्लीतले झालात! पण कबूल करणारा पहिलाच.” त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. “त्यांचं नाव लिहून प्रत्येकीवर चिकटवा. आणि ते का चिकटवावं लागलं, हे सभागृहात तुम्ही सांगायचं.”

बायकोने आणि मी दोन संध्याकाळी नावाच्या पट्ट्या चिकटवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मोडक्यातोडक्या जपानीत मी माझी लबाडी सांगितली. कान तापले होते. पण सांगून संपल्यावर छाती जितकी मोकळी झाली, तितकी पूर्वी कधी झाली नव्हती. मग काकू उभ्या राहिल्या. खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी पिशवी. त्या संध्याकाळची गोष्ट त्यांनी अगदी साध्या शब्दांत सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, “दार उघडलं म्हणून मी माफी लिहून दिली होती. ते माफीपत्र मी आज परत घेते.”

काकूंनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता.

इतक्यात मागून न्हाणीघरवाल्या अध्यक्षांचा दणदणीत आवाज आला, “ओराई!”

एक आजोबा ओरडले, मग पुढची रांग, मग सगळं सभागृह. काकू हसत होत्या, डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारी बायको ओरडत होती, आणि मीही, अगदी घसा बसेपर्यंत.