एक हात दांडीला

भागीआजीवर अन्याय झाला तो गेल्या संकष्टीला, संध्याकाळी सात वाजता, आरती चालू असताना. पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात देव्हाऱ्यासमोरच ती पडली. हाड वाचलं, खुब्याला मुका मार बसला. व्यवस्थापक म्हणाले, "वय झालं की माणूस पडायचंच. आता आरतीबिरती बंद, खाटेवर बसा." पडली ती, आणि शिक्षाही तिलाच!

म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून काय करावं, याची पत्रकं मी तिथे वाटते. 'भिंतीची दांडी सोडू नका' हे मीच छापलंय. दांडीसुद्धा मीच भांडून बसवून घेतली, थेट देव्हाऱ्यापर्यंत. मग ती पडली कशी? खरं सांगते, देवाचाच राग आला होता. त्याच्याच पुढ्यात?

पंधरा दिवस आजी उठली नाही. मिठागरात उन्हातान्हात राबलेली बाई, पण पाऊल टाकायचं म्हटलं की खाटेची कड धरून बसायची. पायातली ताकद डोळ्यांदेखत चालली होती. "आता मी काय चालत नाय पोरी," म्हणाली, तेव्हा माझाच धीर सुटला. माझ्या पत्रकात यावर एक ओळ नव्हती. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर जाऊन पहिल्यांदाच म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तू बघ.

परत आले तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला आलेली उरणची एक कोळीण आजीच्या पायाशी बसली होती. "आये, पडलीस कशी गो?"

"देवाला हात जोडले, न् गेले."

दोन्ही हात! दांडी सुटली ती नमस्कारासाठी. पंधरा दिवसांत हे आजीला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

कोळीण हसली. "नारली पुनवेला आमी होडीत उभ्यानं दर्याला नमस्कार करतो, तवा एक हात दोरीलाच असतो. दर्या कदी रुसला नाय."

आजीनं पांघरूण बाजूला सारलं. मग मला म्हणाली, "उठव." आरती सुरू झाली होती. थांबत थांबत पोचलो. डावा हात दांडीला, उजवा छातीशी, आणि आजी मोठ्यानं म्हणाली, "देवा, दुसरा हात कामात हाय!" आरती हसण्यात बुडाली.

मागे वळले तर कोळीण निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं. तिला कोणी धाडलं, यावर मी वाद घालणार नाही. देवावर सोडायचं म्हणजे हातातलं सगळं सोडायचं, असं मला वाटायचं. आता वाटतं, दांडीही त्यानेच पुढे केलेला हात असेल.

तुमचं माणूस आश्रमात असेल तर या रविवारी जा. देवासमोर दांडी आहे का, स्वतः धरून बघा. नसेल तर बसवून घ्या. आणि आपल्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगा, देवाला एक हात पुरतो.